बायकोविरुद्ध दहा गेम

माझ्या बायकोने अकरा वर्षांत साडेसहाशे मुलांना टेनिसमध्ये हरवलं, आणि त्यातल्या एकाच्याही आईने तिला माफ केलेलं नाही.

काम तसं सरळ होतं. टेनिस संघटनेला चौदा वर्षांखालच्या हुशार मुलांची पातळी ठरवायची होती. तज्ज्ञांची समिती नेमली तर तज्ज्ञ एकमेकांच्याच उरावर बसतील, हे सचिवांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी एक माजी खेळाडू गाठली, ती माझी बायको. प्रत्येक मुलाने तिच्याशी दहा गेम खेळायचे. जितके जिंकाल तितकी तुमची श्रेणी. शून्य म्हणजे बाळा, कॅरम खेळून बघ. दहा म्हणजे साक्षात देव.

पहिल्या वर्षी सगळ्यात तयारीच्या मुलाने तीन गेम घेतले. जाताना त्याच्या वडिलांनी आमच्या गाडीचा आरसा वाकवला.

मी दातांचा डॉक्टर. परीक्षा रविवारी असायची, दवाखाना बंद. त्यामुळे पाण्याच्या बाटल्या, टॉवेल आणि पालक सांभाळायचं खातं माझ्याकडे. पालकांपेक्षा अक्कलदाढ बरी, तिला निदान भूल देता येते.

आकडे दर वर्षी चढत गेले. तीन, चार, पाच. यंदा तर एका दिवसात सहा मुलांनी आठ-आठ गेम घेतले. सचिवांनी या आकड्यांचा आलेख काढून ऑफिसच्या भिंतीवर लावला होता. आल्यागेल्याला चहाच्या आधी तो दाखवायचे. "अकरा वर्षांत आपल्या मुलांची पातळी जवळजवळ तिप्पट!"

त्याच अकरा वर्षांत माझी बायको एकेचाळीसची बावन्न झाली होती आणि तिच्या डाव्या गुडघ्याने संप पुकारला होता, ते आलेखात कुठेच नव्हतं.

"दुखतंय का?" मी विचारायचो.

"छे."

हे खोटं मला रोज वीस माणसं सांगतात, तेही तोंड उघडं ठेवून.

यंदाच्या परीक्षेत शेवटी आली ती बारा वर्षांची एक मुलगी. इतकी काटकुळी की क्लबात सगळे तिला टाचणी म्हणत. बरोबर आईबाप, प्रशिक्षक कुणी नाही, फक्त आत्या. आत्या नर्स होती, थेट ड्यूटीवरून आलेली. बाकावर टेकली आणि पहिल्या सर्व्हिसच्या आधीच घोरायला लागली. इतकी गुणी पालक मी अकरा वर्षांत पाहिली नव्हती.

बाकीची सगळी मुलं एकच युक्ती करत होती. संधी मिळाली की डावीकडे, जाळ्याच्या अगदी जवळ, अलगद चेंडू टाकायचा. बायको दोन पावलं टाकायची आणि तिसरं टाकायच्या आत गुण गेलेला असायचा. टाचणीने ते एकदाही केलं नाही. ती लांब, खोल, सणसणीत मारत राहिली. चेंडू पंचवीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे. हरली आठ-दोनने. पण बायको बाहेर आली ती लालबुंद आणि खूश. लग्नातही ती इतकी खूश दिसली नव्हती.

"तू डावीकडे ड्रॉप का नाही टाकलास गं?" तिने विचारलं.

"क्लबातले सर म्हणाले होते टाक म्हणून. सगळ्यांनाच सांगतात. पण तिथे तुम्ही पोचतच नाही."

"मग?"

"मग लगेच संपतं ना. मी दोन बस बदलून आले."

बायकोला हसावं की रडावं कळेना. गाडीत बसल्यावर तिने पट्टा लावला. मग म्हणाली, "सगळ्यांनाच सांगतात म्हणे."

टाचणीच्या कागदावर आकड्याच्या रकान्यात तिने 'दोन' लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात 'हिला नक्की पाठवा'. सचिवांनी आकडे वाचले. शेरे वाचायची त्यांना सवय नव्हती.

महिन्याभराने ते सहा 'आठ'वाले मोठ्या स्पर्धेला बाहेरगावी गेले. संघटनेने नवे ट्रॅकसूट दिले, फोटो काढले. समोरची मुलं चौदा वर्षांची होती आणि प्रत्येकाला दोन धडधाकट गुडघे होते. आमच्या पोरांनी डावीकडे अलगद चेंडू टाकला की ती धावत जाऊन तो यांच्याच पायाशी आणून मारायची. सहाच्या सहा पहिल्याच फेरीत गारद. दुपारी जेवायच्या वेळेला पोरं हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात होती आणि सगळे ट्रॅकसूट काठावर वाळत होते.

तातडीची बैठक बसली. मी बाहेर थांबणार होतो, पण दार उघडंच होतं. सचिवांना जेवणाचा संशय होता. खजिनदारांना वाऱ्याचा.

बायको उभी राहिली. "साहेब, मुलं होती तिथेच आहेत. मी म्हातारी झालेय."

"छे हो, तुम्हाला बघून वाटत नाही," खजिनदार म्हणाले.

"माझा डावा गुडघा कामातून गेलाय. प्रशिक्षकांना माहीत होतं, मुलांना माहीत होतं. मी लपवत बसले, तीही माझीच चूक. ही पोरं टेनिस शिकलीच नाहीत. मला हरवायला शिकली."

सचिवांनी भिंतीकडे पाहिलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ऑपरेशन करून घ्या ना. अर्धा खर्च संघटना देईल. पण पद्धत बदलू नका हो, आलेख मोडेल."

"मोडू दे मेला!" बायको म्हणाली. इतिवृत्तात तेवढं एकच वाक्य जसंच्या तसं उतरलं.

पुढचे तीन रविवार मुलं एकमेकांशी खेळली आणि बायको खुर्चीत वही घेऊन दहापैकी श्रेणी देत बसली. पालक चवताळले. ज्याचा त्याचा बाब्या गुणाचा, दुसऱ्याचं ते कार्टं. एक आई तरातरा आली. "आमचा आठ होता, तीनवर कसा आला?"

"तेव्हा तो माझ्याशी खेळला होता. आता टेनिस खेळला."

टाचणीला सहा मिळाले, सगळ्या मुलांत सर्वांत जास्त. निकाल लागल्यावर ती वहीपाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, माझे पाच करा ना."

"का गं?"

"सहावाल्यांना बाहेरगावी स्पर्धेला पाठवतात. त्या आठवड्यात आत्याला सुट्टी नाही."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी त्या आठवड्यातल्या चौदा दाढा मनातल्या मनात पुढे ढकलल्या.

आम्ही तिला घेऊन गेलो. पहिली फेरी तिने जिंकली. दुसऱ्या फेरीत तिच्याहून वीतभर उंच मुलीशी तीन तास झुंजली आणि हरली. मग दोन माणसांचं जेवली. बायको मॅचभर खुर्चीच्या काठावर बसून होती. तिने वहीत एक अक्षर लिहिलं नाही.

परतीच्या वाटेवर सचिवांचा फोन आला. गाडी मी चालवत होतो, बायकोने आवाज मोठा ठेवला.

"दुसऱ्या फेरीत हरली? मग आता तिची नक्की पातळी काय धरायची?"

"मला नाही सांगता येत, साहेब. बारा वर्षांची आहे. उद्या सगळ्यांना हरवेल, नाहीतर परवा कंटाळून रॅकेट माळ्यावर टाकेल."

"अहो, पण मला रकान्यात काहीतरी लिहायला पाहिजे!"

"रिकामा ठेवा."

तिने फोन बंद केला. टाचणी मागच्या सीटवर पाय दुमडून झोपली आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

"दुसऱ्या सेटमध्ये तर मी सात होते," मागून आवाज आला.

"साडेसहा," बायको म्हणाली. "झोप आता."