शेजारच्या रेघा

भलेपणा कुठे दाखवावा हे पै-चेनला कधी कळलंच नाही. ताओयुआनला आमच्या सर्किट बोर्डांच्या कारखान्यात ती कंत्राटावर मोजणीचं काम करायची. नव्या वर्षात कायम करतो, असा शब्द च्वो साहेबांनी दिला होता, आणि त्या शब्दावर तिने म्हाताऱ्या आईला गावाहून आपल्याकडे आणलं होतं.

बोर्डावर तांब्याच्या बारीक रेघा शेजारीशेजारी धावतात. एकीतून सिग्नल गेला की शेजारच्या गप्प रेघेतही त्याची कुजबुज उमटते. ती किती उमटेल याचं गणित क्वान-तिंग आधी कॉम्प्युटरवर मांडायचा, आणि बोर्ड हातात आला की पै-चेन स्कोप लावून प्रत्यक्ष मोजायची. या खेपेला क्वान-तिंगच्या पडद्यावर सगळं सपाट होतं, कुजबुजीचा मागमूस नाही. त्याच्या भरवशावर साहेबांनी सगळा माल करूनही घेतला.

पै-चेनच्या स्कोपवर मात्र कुजबुज कसली, आरडाओरडा निघाला. तिने पुन्हा मोजलं, तेच. मग साहेबांकडे जायचं सोडून ही शहाणी आधी क्वान-तिंगकडे गेली.

"शेजारच्या रेघांतून सिग्नल न सोडता, त्या बंद ठेवूनच गणित केलंस ना रे?"

त्याने फाइल उघडली आणि त्याचा चेहरा उतरला. "ताई, साहेबांना हे सांगू नका. बायकोचे दिवस भरत आलेत. मोजताना कुजबुज जास्त दिसली, एवढंच म्हणा. बाकीचं मीच सांगतो, वर्षअखेरच्या जेवणाच्या आत."

"नक्की?"

"तुमची शपथ, ताई."

तिने साहेबांना तेवढंच सांगितलं. साहेब भडकले. "त्याचं गणित स्वच्छ आहे. मग तुझ्याकडे वेगळं का येतं? कारण सांग."

तिने क्वान-तिंगकडे पाहिलं. तो समोरच होता, फाइल चाळत राहिला.

"मोजता येत नाही, वर तोंड उघडते," साहेब म्हणाले आणि त्यांनी माल पाठवून दिला. गिऱ्हाइकाने तो मोजला आणि सगळाच्या सगळा परत केला. ती खरी ठरली म्हणजे सुटली, असं वाटलं असेल तर तुम्ही साहेब लोक पाहिलेले नाहीत. खरा ठरलेला माणूस त्यांना रोज डोळ्यांसमोर नको असतो.

वर्षअखेरच्या जेवणात कोंबडीचं तोंड ज्याच्याकडे वळेल त्याची नोकरी गेली, ही जुनी रीत आता कोणी पाळत नाही. सगळे हसतात फक्त, आणि हसताना ताटावरची नजर हलवत नाहीत. त्या दिवशी फिरत्या गोल टेबलावर अख्खी कोंबडी आली, मुंडक्यासकट. साहेबांनी टेबल फिरवलं. चोच क्वान-तिंगसमोर थांबली.

"काय रे," साहेब हसले, "तुझा नंबर वाटतं? की दुसऱ्या कुणाचा?"

पै-चेनला वाटलं, हा आता तरी खरं बोलेल. क्वान-तिंगने टेबलाच्या कडेला एक बोट लावलं आणि हळूच ढकललं. चोच तिच्यासमोर आली.

साहेबांनी टेबलावर पंजा ठेवून ते तिथेच रोखलं. "ठरलं तर मग," ते म्हणाले. लोक मोकळेपणाने हसले आणि जेवायला लागले.

क्वान-तिंगने चांगली मोठी तंगडी निवडून तिच्या वाडग्यात ठेवली. "पोटभर जेवा, ताई."

"पुढच्या वेळी शेजारच्या रेघा चालू ठेव," ती म्हणाली.

साहेबांनी मान वर केली. "काय म्हणतेय ही?"

"काही नाही साहेब," क्वान-तिंग म्हणाला. "कामाचं बोलतायत."