चिंधीची नखं

पाच वाजता गोदामाचे राखणदारकाका मांजराचं पिल्लू न्यायला येणार होते, आणि घड्याळात साडेतीन होऊन गेले होते.

ठरवलं होतं ठकीच्या आईनंच. सकाळी चित्रकलेच्या वर्गाला निघता निघता पिल्लू ठकीच्या अंगावर सरसर चढलं, गळ्यापर्यंत पोचलं आणि घसरताना गालावर नख ओढून गेलं. ओरखडा डोळ्याच्या खाली, बोटभर अंतरावर. दिवसभर आई तेच एक बोट स्वतःच्या गालावर ठेवून अंतर मोजत होती. जखम साबणानं धुऊन झाली, डॉक्टरांना दाखवून झाली, "वरवरचं आहे, पण जपा" हे ऐकून झालं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच तिनं नवऱ्याला फोन लावला. "त्या राखणदारांना सांगा. त्यांना उंदरांसाठी मांजर हवंच होतं."

पाच वर्षांची ठकी शेजारीच उभी होती. ती रडली नाही. तिनं फक्त आईचा हात सोडला.

पिल्लू घरात आलं त्याला पाच आठवडे झाले होते. नवरा सोफे आणि खुर्च्या मढवायचा. घराची पुढची खोली म्हणजेच त्याचं दुकान. तिथल्या कातरणाच्या पोत्यात एक दिवस काहीतरी हललं, आणि आत हे निघालं, मूठभर. म्हणून नाव चिंधी. पहिल्या आठवड्यात चिंधीनं पायपुसणं विंचरलं, पडद्याच्या झालरी केल्या, पलंगाची कड सोलली. घाबरून तिनं जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. ते हसले. "रागानं नाही करत ते. नखांची जुनी टरफलं काढायची असतात, अंग ताणायचं असतं, 'ही जागा माझी' असं सांगायचं असतं. नको तिथे ओरबाडलं म्हणून मारू नका, पाणीही उडवू नका. कुठे ओरबाडायचं ते दाखवा. न हलणारा उंच खांब द्या, वर खरखरीत काहीतरी."

खरखरीत वस्तूंची त्या घरात काय वाण. नवऱ्यानं जड फळीवर जुन्या पलंगाचा पाय ठोकला आणि वर हिरवं जाड कापड ताणून बसवलं. एका दवाखान्यातली बाकं मढवून तेच उरलं होतं. नणंद दुकानातलं शिवणयंत्र चालवायची. ती दोऱ्याला रीळ बांधून खांबावर नाचवायची. चौथ्या दिवशी चिंधी आपणहून खांबापाशी गेली आणि दोन्ही पंजे रोवून खर्र खर्र सुरू झाली. नवरा गिऱ्हाइकांना आत बोलावून दाखवायचा. "आमच्याकडचा सगळ्यात मन लावून काम करणारा कारागीर."

आणि त्यानंतरच्या आठवड्यात ती ठकीच्या अंगावर चढायला लागली.

"खांबावर धार लावते आणि माझ्या लेकीवर चालवते," ती म्हणायची. नवरा म्हणायचा, "लहान आहे, शिकेल." ती म्हणायची, "डोळा गेल्यावर?" मग तो तोंडात खिळे धरायचा. तोंडात खिळे असले की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही.

तिच्याकडे एक वही होती. ठकी जन्मली तेव्हापासूनची. दूध किती, ताप किती, लस कधी. गेले काही दिवस तिनं त्यात चिंधीचं पान उघडलं होतं. राखणदारकाकांनी विचारलं तर पुराव्यानिशी सांगता यावं म्हणून आता ती ते पान घेऊन शिवणयंत्राशेजारी बसली.

"वहिनी, माझ्या शिंकाही लिहितेस का गं त्यात?" नणंदेनं विचारलं. "नाही म्हणजे, लिहिणार असशील तर जरा बेतानं शिंकेन."

ती हसली नाही. पान वाचत होती. सोमवार, पोटावर. गुरुवार, कमरेवर. शनिवार, गळ्यापाशी. पुन्हा सोमवार. पुन्हा गुरुवार. आज शनिवार, गाल.

मंगळवार कुठेच नव्हता. मंगळवारी तर पिल्लू अख्खी दुपार ठकीच्या मांडीवर पसरलेलं असायचं. बुधवारी ठकीनं त्याला बाहुलीचं टोपरं घातलं होतं, तेव्हाही त्यानं नख बाहेर काढलं नव्हतं.

"सोमवार, गुरुवार, शनिवार काय असतं?" तिनं विचारलं.

"मला काय विचारतेस? चित्रकला. तूच तर सोडायला जातेस."

तिची नजर यंत्राखालच्या कातरणावर गेली. त्यात एक हिरवी पट्टी होती.

"ठकीचा एप्रन कशाचा शिवलास?"

"त्यातलाच. दादानं खांबाला लावलं, उरलं ते मी..." नणंदेचा पाय यंत्रावरच थांबला.

या घरात उशी, पिशवी, पायपुसणं सगळं उरलेल्या कापडाचंच असायचं. ते वेगळं काही आहे हे कुणाच्या मनातही यायचं नाही. खांब हिरवा, खरखरीत, उभा. एप्रन घातलेली ठकीही तशीच. शिकवलं होतं त्यांनीच, आणि चिंधी नीट शिकली होती.

"ठकी कुठे आहे?"

खुंटीवर एप्रन नव्हता. टोपलीत पिल्लू नव्हतं. न्हाणीघराचं दार आतून बंद होतं.

"ठके."

आत बादली सरकल्याचा आवाज आला. कडी वर होती. तिथवर हात पुरायला ठकी बादलीवर चढली असणार. मग चिंधीचा बारीक, चिरका आवाज.

नवरा पेचकस घेऊन आला. "सरक. बिजागरी काढतो."

तिनं त्याचं मनगट धरलं. "ठोकाठोक करू नका."

"अगं, आत मुलगी..."

"म्हणूनच. ते बिथरलं तर वर पळेल. आणि वर जायची त्याला एकच वाट ठाऊक आहे." तिनं दोन शब्दांत एप्रनचं सांगितलं. नवऱ्याचा चेहरा उतरला. कापड त्यानंच दिलं होतं.

ती दाराशी जमिनीवर बसली. ओरडावंसं वाटत होतं, पण आवाज तिनं भरवतानाचा काढला. "ठके, एप्रन घातलायस का?"

"हो."

"का गं?"

"खिशात चिंधीचा खाऊ आहे. आम्ही इथेच राहणार. तू तिला देऊन टाकणार."

"नाही देणार."

"इंजेक्शनच्या वेळीपण तू असंच म्हणालेलीस. दुखणार नाही म्हणून."

मागे नणंद काहीतरी पुटपुटली. तिनं तिला हातानंच गप्प केलं. "तेव्हा मी खोटं बोलले होते. आजही सकाळी चुकले. आता खरं सांगते, ऐक. चिंधीला तू खांब वाटतेस."

"मी?"

"एप्रन खांबाच्याच कापडाचा आहे. तू एप्रन घातलास की तिला वाटतं, आला माझा खांब. चिंधी कुठे आहे आता?"

"मांडीवर. ती एप्रनला पंजे लावतेय."

"तिला हळूच खाली ठेव. चेहरा लांब धर. ठेवलीस? आता एप्रन काढ."

थोडा वेळ नुसती धडपड ऐकू आली. मग रडवेला आवाज, "गाठ सकाळचीच आहे, सुटत नाही. तू दोन मारतेस."

मारायचीच ती दोन. वर्गात गाठ सुटली तर रंग फ्रॉकला लागेल, दोरी कुठे अडकेल, पोर पडेल, या विचारानं रोज दोन गाठी, घट्ट. तिनं कपाळ दाराला टेकवलं.

"मग घातलास तसाच डोक्यावरून काढ. डोळे घट्ट मिट. आधी एक हात."

दाराची घंटा वाजली. पाचला वेळ होता; राखणदारकाका लवकर आले होते. आत चिंधी दचकली असावी. काहीतरी पडलं, आणि कापडावर नखं ओढल्याचा लांबलचक खर्र असा आवाज झाला.

"ठके?"

नवऱ्यानं पेचकस उचलला. तिनं या वेळी अडवलं नाही.

तेवढ्यात कडी निघाली.

ठकी नुसत्या फ्रॉकमध्ये उभी होती, केस विस्कटलेले, डोळे अजून मिटलेलेच. तिच्या मागे एप्रन नळाला लटकत होता आणि एप्रनला चिंधी लटकत होती, मागचे पाय ताणून, डोळे अर्धे मिटून, मन लावून काम करत.

"उघडू का आता?" ठकीनं विचारलं.

तिनं लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडात नेला. कपाळ, पापण्या, गाल, हनुवटी. सकाळचा एकच ओरखडा.

राखणदारकाका झाकणाची टोपली घेऊन दारात उभे होते. "न्यायचं ना?"

ठकी एक पाऊल मागे सरली.

"नाही काका," आई म्हणाली. "तुम्हाला हेलपाटा पडला. चूक मांजराची नव्हती. चहा तरी घ्या."

"म्हणजे माझे उंदीर सुटले," काका टोपली ठेवत म्हणाले.

नवऱ्यानं खांबावरचं हिरवं कापड टराटरा सोडवलं आणि सुंभाचं वेटोळं काढून खांबाला गुंडाळायला घेतलं. काका एक टोक ताणून धरून बसले. गोदामात पोती बांधून हाताला सवय होती. नणंदेनं चिंधीला टॉवेलात गुंडाळलं आणि आईनं पंजा हलकेच दाबून एकेका नखाचं पांढरं टोक तेवढं कापलं, आतल्या गुलाबी रेषेला धक्का न लावता. हिरव्या कापडाचा घरातला प्रत्येक तुकडा पोत्यात गेला; एप्रनची दोरी तेवढी आईनं नव्या एप्रनसाठी कापून ठेवली. खांब कोपऱ्यातून उचलून चिंधीच्या टोपलीशेजारी ठेवला, कारण झोपेतून उठल्या उठल्या ती अंग ताणायची.

मग सगळे वाट बघत बसले.

सहाच्या सुमारास चिंधी उठली. खांब हुंगला आणि ओलांडून गेली. ठकीच्या पायापाशी थांबली. आईचा हात पुढे जात होता, तो तिनंच दुसऱ्या हातानं धरला. ठकी हलली नाही. चिंधीनं फ्रॉकचा काठ हुंगला, त्यात काही राम नाही असं ठरवलं, मागे वळली आणि सुंभावर पंजे ठेवले. एकदा. मग थांबून पुन्हा.

"लिही, वहिनी," नणंद म्हणाली.

वही मांडीवरच होती. पण आई एप्रनच्या दोरीची दुहेरी गाठ नखांनी सोडवत बसली होती आणि गाठ काही केल्या सुटत नव्हती.