मार्गशीर्षातलं वारं

कृष्णात शिपाई पंचायतीची वही काखेत मारून आला तेव्हा साळूबाई अंगणात बसून डाळीतले खडे वेचत होती. दोन वर्षं हे असंच चाललं होतं. महिन्याची सभा चावडीत व्हायची, चहा व्हायचा, ठराव व्हायचे, आणि दुसऱ्या दिवशी कृष्णात वही घेऊन बौद्ध वस्तीवर यायचा. पंचायतीत बाईमाणसासाठी जागा राखलेली होती आणि त्या जागेवर साळूबाईचं नाव लागलं होतं. सभेला तिला कुणी बोलावलं नाही आणि आपण जावं असं तिलाही कधी वाटलं नाही. कृष्णात बोट ठेवील तिथं ती मुलीनं शिकवलेली चार अक्षरं काढायची आणि पुन्हा आपल्या कामाला लागायची.

त्या दिवशी तिनं हात पदराला पुसला, पेन घेतलं आणि सहज विचारलं, "काय लिवलंय रं ह्यात?"

"काय न्हाई मावशी. गायरानात खडी मशीन येतीया. पंचायतीची हरकत न्हाई म्हणून लिवलंय."

साळूबाईनं पेन खाली ठेवलं.

"गायरानात कुठं?"

"हितंच की. वस्तीच्या उगवतीला. सडकंचं काम निघालंय न्हवं, त्याला खडी लागतीया."

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "नानासो सरपंचांना सांग, पुढच्या सभंला मी सोता येती."

कृष्णात तांब्याभर पाणी प्याला आणि वही घेऊन माघारी गेला.

साळूबाईचा नवरा राजाराम मिरजेच्या पलीकडं एका खडी मशिनीवर सहा वर्षं कामाला होता. शनिवारी घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या असायच्या. अंघोळ केली की भुवया काळ्या व्हायच्या, पण खोकला काही धुऊन निघाला नाही. पुढं पुढं तर चढ आला की तो मध्येच बसायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढं धरून एकच गोष्ट विचारली होती, 'दगडाच्या धुळीत होता का?' त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

तो गेल्यावर साळूबाई खळ्यावर उफणणीला, वाऱ्यावर धान्यातला भुसा उडवायला जाऊ लागली. पूर्वी वस्तीतली माणसं बलुत्यावर राबायची. धम्म घेतला तेव्हा ते सोडलं होतं, आता रोजानं जायचं. राजाराम सुगीला घरी असला की तिपाईवर तो चढायचा आणि ती खालून पाट्या भरून द्यायची. आता ती स्वतः चढू लागली. पहिल्या वर्षी लोकांनी नावं ठेवली. दुसऱ्या वर्षी मात्र गावातल्या मोठ्या खळ्याच्या म्हाताऱ्या तात्याबानं सगळ्यांच्या आधी निरोप धाडला, कारण तिच्या हातचं धान्य एकदाच उफणावं लागायचं. कुठल्या महिन्यात वारं कुठनं उठतं, किती वाजता पडतं, हे तिला अंगावरच्या पदरानं कळायचं.

पुढच्या सभेला ती खरंच गेली. चावडीच्या उंबऱ्याशी क्षणभर थांबली, मग आत जाऊन भिंतीकडेच्या बाकावर बसली. सरपंच नानासो तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला आधी चहा द्यायला लावला.

"साळूबाई, आवं तुमच्याच वस्तीचा इचार केलाय," तो म्हणाला. "दुष्काळात तुमी समद्यांनी हातानं खडी फोडली. आता मशीन फोडंल. पंधरा-वीस माणसांना काम मिळंल, घरापासनं हाकंच्या अंतरावर."

"हाकंच्या अंतरावर हाय, म्हणूनच म्हंती मी. धूळ सगळी आमच्या घरात यील."

ठेकेदार लालासाहेब सभेला आला होता. पांढराशुभ्र पोशाख, बोलणं गोड. तो म्हणाला, "बाई, इथं बसून कशाला वाद? चला, जागेवर जाऊन बघू."

सगळे गायरानात गेले. वैशाखातली दुपार टळली होती. लालासाहेबानं मूठभर फुफाटा उचलला आणि वर हात करून सोडला. धूळ वस्तीकडं पाठ करून भुर्रकन उगवतीला, मोकळ्या माळावर निघून गेली. त्यानं दुसरी मूठ सोडली. तीही तिकडंच गेली.

"बघितलं?" तो म्हणाला.

दोन-तीन पंच हसले. साळूबाईनं आवाज चढवला नाही.

"आज तिकडंच जाणार," ती म्हणाली. "आता मावळतीचं वारं हाय. दिवाळी झाली की वारं फिरतं. मशीन तर तवाच चालणार न्हवं? पावसात बंदच असती."

"म्हणजे दिवाळीपर्यंत ठराव थांबवायचा?" लालासाहेबानं नानासोकडं बघत विचारलं.

ग्रामसेवक तरुण होता, नवाच आलेला. तो हळूच म्हणाला, "गायरानाचा विषय आहे. तो ग्रामसभेपुढं ठेवलेला बरा. जेठात सभा आहेच."

नानासोनं मान हलवली. ग्रामसभेला दहा-बारा माणसं जमायची, तीही सावलीला बसायला. त्यात काही अडेल असं त्याला वाटलं नाही.

खरी अडचण घरातनंच आली. वैशाखी पौर्णिमेला संध्याकाळी वंदना झाल्यावर वस्तीतली माणसं समाजमंदिराच्या ओट्यावर बसली होती. साळूबाईचा पुतण्या आकाराम सगळ्यांदेखत म्हणाला, "काकी, तू आमच्या ताटातली भाकरी काढतीयास. कामाला मी पुण्याला जाऊ का मुंबईला? हितं दारात काम येतंय तर तू आडवी पडतीयास."

त्याचं लग्न होऊन वर्ष झालं होतं, बायको दिवसांत होती. साळूबाईला त्याचा राग आला नाही.

"मशीन नगं असं मी म्हणलंच न्हाई," ती म्हणाली. "मशीन येऊ दे, तू कामाला जा. पर ती कुठं उभी करायची ह्ये आपल्याला कुणी इचारलं का? पाटलाच्या मळ्याशेजारी का न्हाई उभी केली? सोनाराच्या आळीमागं का न्हाई? जागा हुडकायला निघाले, त्ये सरळ आपल्याच दारात आले."

"मग कुठं उभी करायची?"

"त्ये मलाबी ठावं न्हाई अजून," ती म्हणाली. "हुडकून सांगती."

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच ती आणि शेजारची बनाबाई शिवार बघायला निघाल्या. तीन दिवस दोघी हिंडल्या. ओढ्याकाठची जागा बघितली, तिथं विहीर जवळ होती. टेकाखालची बघितली, तिथनं मावळतीच्या वाऱ्यावर धूळ धनगरवाड्यावर गेली असती. "आपल्या घरातनं काढून त्यांच्यात टाकायची न्हाई," बनाबाई म्हणाली, आणि त्या पुढं गेल्या. शेवटी वस्तीच्या दक्षिणेला, खिंडीपलीकडं एक मुरमाड पठार सापडलं. वारं उगवतीचं असो की मावळतीचं, दोन्ही बाजूला नुसता उघडा डोंगर. दगडही तिथं भरपूर होता. गाडीवाट मात्र वळसा घालून जायची.

चौथ्या दिवशी साळूबाई तात्याबाकडं गेली. म्हातारा सोप्यात बसून दोर वळत होता.

"तात्याबा, माझ्या बाजूनं बोला असं मी म्हणत न्हाई," ती उभ्यानंच म्हणाली. "तुमच्या खळ्यावर जे बघितलंय तेवढं सांगा."

तात्याबानं दोराला दोन पीळ दिले. "नानासो आमच्या भावकीतला हाय साळू."

"ठावं हाय मला."

"मग?"

"मग काय न्हाई. सांगून ठेवलं."

ती निघाली. मागनं त्यानं हाक मारली नाही.

ग्रामसभेच्या दिवशी चावडीपुढच्या पिंपळाच्या पारावर नेहमीची दहा-बारा माणसं होती. मग वस्तीकडनं बाया आल्या, पंचवीस-तीस तरी असतील. काहींच्या काखेत पोरं होती. कुणी घोषणा दिली नाही. येऊन ओळीनं बसल्या, बस्स. त्या आल्या म्हटल्यावर गावातली माणसंही काय आहे ते बघायला जमली. आकाराम येऊन मागं झाडाला टेकून उभा राहिला.

ग्रामसेवकानं विषय वाचला. लालासाहेबानं धुळीच्या मुठीची गोष्ट सांगितली आणि पंचांनी ती आपल्या डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं. मग नानासो म्हणाला, "साळूबाई, बोला."

ती उठली. इतक्या माणसांपुढं ती कधी बोलली नव्हती. तिनं पाराच्या दगडावर हात टेकवला.

"मला कायदा कळत न्हाई," ती म्हणाली. "वारं कळतं. लालासायबांनी वैशाखात मूठ सोडली, ती उगवतीला गेली, ती खरीच हाय. पर हितं समदी खळंवाली माणसं बसल्यात. त्यांनीच सांगावं, मार्गशीर्षात जोंधळा उफणताना भुसा कुठल्या अंगाला पडतो?"

उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं, पण आधी तोंड कोण उघडणार? नानासो वहीकडं बघत बसला. साळूबाईनं तात्याबाकडं बघायचं टाळलं.

शेवटी तात्याबा बसल्या जागेवरनंच बोलला. "मावळतीला पडतो. आमच्या खळ्यात मावळतीच्या कुडाला भुसा टेकतो. माझा बा जिता हुता तवापासनं तसंच हाय." मग सरपंचाकडं वळून म्हणाला, "नानासो, तुज्याबी खळ्यात तसंच हाय की."

मागच्या दोघा-तिघांनी "व्हय, खरं हाय," म्हटलं. एक जण म्हणाला, "वस्ती वलांडली की म्होरं शाळाच हाय." त्याबरोबर गावातल्या माणसांत कुजबुज वाढली. साळूबाईला ती ऐकून जरा वाईट वाटलं. वस्तीत पोरं राहतात तेवढं पुरं पडलं नव्हतं.

"मग मशीन येऊच द्यायची न्हाई का?" नानासोनं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता.

साळूबाईनं खिंडीपलीकडच्या पठाराचं सांगितलं. लालासाहेब म्हणाला, वळसा पडतो, डिझेल जास्त लागतं. ग्रामसेवकानं नकाशा उघडला. तेव्हा आकाराम झाडापासनं पुढं आला. "सायेब, खिंडीतनं सरळ वाट आमी करून देतो. चार दिवसांचं काम हाय. पर कामाला माणसं आमची घ्या, आणि धुळीवर पाणी मारा."

तासभर बोलणं चाललं. शेवटी हात वर झाले. जागा खिंडीपलीकडची, धुळीवर दिवसातनं दोनदा पाणी मारायचं, असा ठराव ग्रामसेवकानं लिहिला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. ठराव असा मोठ्यानं वाचलेला गावानं पहिल्यांदाच ऐकला. लालासाहेबाचा चेहरा उतरला होता, पण सडकेच्या कामाची मुदत जवळ आली होती. त्यानं मान्य केलं.

दिवाळीनंतर मशीन सुरू झाली. वस्तीवर तिची घरघर ऐकू यायची, धूळ मात्र आली नाही. ती पठारावरनं उठायची आणि डोंगराच्या अंगानं विरून जायची. आकारामला काम लागलं. तोंडाला फडकं बांधल्याशिवाय काकी त्याला घरातनं हलू द्यायची नाही.

पाण्याचं मात्र जमेना. पहिले पंधरा दिवस पिंपाची गाडी आली, मग दिवसाआड, मग बंदच झाली. एका संध्याकाळी आकाराम घरी आला तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साळूबाई बनाबाईला घेऊन खिंड चढून गेली आणि दोघी मुकादमाच्या छपरापुढं दगडावर जाऊन बसल्या.

"काय काम हाय?" मुकादमानं विचारलं.

"पाण्याच्या गाडीची वाट बघतोय," साळूबाई म्हणाली. "ठरावात हाय."

मुकादमानं ठेकेदाराला निरोप धाडला. लालासाहेब दुपारी मोटारसायकलवरनं आला, दोघींना बघून कपाळाला हात लावला आणि हसला. त्यानं चहा मागवला. दोघींनी चहा घेतला, पण जागा सोडली नाही. दिवस कलायच्या आधी गाडी आली. खडीवर पाणी पडलं तसा मातीचा वास सुटला. मशिनीवरच्या माणसांनी तोंडावरची फडकी खाली घेतली.

गाडी पुढंही कधी कधी चुकायची. चुकली की दुसऱ्या दिवशी दोघी तिथं जाऊन बसायच्या. त्या वर्षभरात दोघींना चार वेळा बसावं लागलं, पाचव्या वेळी त्यांच्यासंगं आणखी सात बाया होत्या.