घडीवरची रेघ

सहायक नगररचनाकार गुडघ्यांवर बसली आणि हातातली मोजपट्टी तिने रस्त्याखालच्या मोरीत सरळ आत सारली. दोन हात आत गेल्यावर पट्टी मातीला टेकली. तिने ती बाहेर काढली, टोकाला चिकटलेला काळा गाळ बोटावर घेतला आणि बोट नाकाशी नेले. साधी माती नव्हती ती. पाण्याने वाहून आणलेली होती.

मागे उभ्या असलेल्या, इस्पितळातल्या सिस्टरने पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"मॅडम, प्लॉट त्या बाजूला आहेत."

"हो, येते. ही मोरी केव्हापासून आहे?"

"रस्त्याइतकीच जुनी असेल. का हो? पाणी तर कधी पाहिलं नाही आम्ही इथे."

"पाणी नाही, तिथे मोरी कोण कशाला बांधेल?"

"सरकारी काम आहे, मॅडम. पूल आधी, नदी मागून."

दोघीही हसल्या. पण उठून उभी राहताना सहायिकेची नजर मोरीच्या तोंडापासून पुढे सरकली आणि तिचे हसू ओसरले. सगळे माळरान वाळून पिवळे पडले होते. फक्त एक हिरवट पट्टा, चार-पाच पावले रुंद, जमिनीतून तिरपा वर गेला होता. लव्हाळा. लव्हाळा हौसेने कुठेही उगवत नाही, त्याला खाली ओल लागते. त्या पट्ट्यात आणि त्याच्या दोन्ही काठांना आखणीच्या खुंट्या ठोकल्या होत्या. तिने चालत जाऊन त्यांच्यावरचे आकडे वाचले. चौदा ते बावीस.

सतराव्या खुंटीपाशी सिस्टर थांबली.

"हा माझा. ड्यूटी संपली की कधीकधी येऊन उभी राहते इथे. घरचे म्हणतात, खुळी आहे. पण उभं राहिलं ना, की घरात आल्यासारखं वाटतं." मग जरा खालच्या आवाजात तिने विचारले, "या वेळी तरी होईल ना हो? दोनदा परत आलाय आमचा आराखडा. एकदा रस्त्याची रुंदी कमी भरली, एकदा हद्दीची सही राहिली. अकरा वर्षं झाली जमीन घेऊन."

इस्पितळातल्या परिचारिका, वॉर्डातले मदतनीस, दोन रुग्णवाहिकांचे चालक अशा बेचाळीस घरांनी मिळून ही जमीन घेतली होती. फाइलला जोडलेली ती यादी सहायिकेला जवळजवळ पाठ झाली होती.

"उद्या पाचपर्यंत हरकतींची मुदत आहे," ती म्हणाली. "परवा समितीपुढे जाईल."

विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हते, हे दोघींनाही कळले.

*

दुपारी ती अभिलेख कक्षात गेली. कार्यालयात रोज वापरला जाणारा नकाशा तिने तीनदा पाहिला होता. त्यावर त्या जागी काहीच नव्हते. तो नकाशा तीस वर्षांपूर्वी एका जुन्या, कापडावर चिकटवलेल्या मूळ शीटवरून पारदर्शक कागदावर उतरवून घेतलेला होता. अशा बत्तीस शीट होत्या. त्या वर्षी बत्तीसही एकाच माणसाने उतरवल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात त्याची बारीक, ताठ सही होती.

"मूळ शीट कशाला हवी, ताई?" दप्तरी शिडीवरून खाली उतरत म्हणाला. "अण्णांनी उतरवलेली आहे ना? उलट मुळालाच त्यांच्या नकलेवरून तपासावं."

कार्यालयातली जुनी माणसे अण्णांना 'केसभर' म्हणत. 'केसभरही फरक नको,' हे त्यांचे पालुपद होते. निवृत्तीच्या दिवशी निरोपाच्या भाषणातही ते आले आणि सभागृह हसले होते. ती नोकरीला लागली तेव्हा तिची ओळख हुद्द्याने झालीच नाही. केसभरांची मुलगी, एवढ्यात सगळे आले होते.

दप्तऱ्याने शीट टेबलावर उलगडली. वर्षानुवर्षे एकाच जागी घातलेली घडी कागद कापत कापडापर्यंत पोचली होती. त्या घडीवर शाई उरलेलीच नव्हती. सहायिकेने भिंग लावले आणि घडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नेले.

एके ठिकाणी, घडीच्या डाव्या अंगाला, नखाएवढा निळा तुकडा होता. थोडे पुढे उजवीकडे आणखी एक. मग पुन्हा डावीकडे. एकेकटे पाहिले तर शाईचे डागच. पण चौथ्या तुकड्यापाशी तिचा हात थांबला. घडीच्या या काठाने, त्या काठाने वळणे घेत एक ओढा सबंध शीटभर आला होता, आणि त्याच्याच अंगावरून कुणीतरी शीटची घडी घातली होती.

तिने भिंग उलटे ठेवले.

अण्णांनी ते तुकडे पाहिले नसतील, असे होणे शक्य नव्हते. त्यांनी ते पाहिले होते आणि गाळले होते. नवशिक्या आरेखकाला पहिल्या दिवशी जो नियम सांगतात, तोच त्यांनी पाळला होता: डाग उतरवायचा नाही.

"मिळालं का हवं ते?" दप्तऱ्याने विचारले.

"बघते," ती म्हणाली. तिने घडीच्या भागाची छायाप्रत काढून घेतली.

*

संध्याकाळी अण्णा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पेन्सिलीला टोक काढत होते. बोटे आता थरथरत, म्हणून पात्याऐवजी गिरमिट वापरायचे, आणि त्याबद्दल दर वेळी एक नाराजीचा सुस्कारा टाकायचे. डब्यांवरच्या चिठ्ठ्या मात्र अजून त्यांच्याच हातच्या होत्या. 'साखर' आणि 'मीठ' ही अक्षरेसुद्धा एखाद्या नकाशावरच्या गावांच्या नावांसारखी ताठ उभी होती.

तिने कप त्यांच्यापुढे ठेवला.

"अण्णा, मूळ शीटवर घडी अगदीच झिजलेली असली, तर तुम्ही काय करायचात?"

"घडीपलीकडची रेघ अलीकडे जुळते का बघायचं. जुळली तर जोडायची. नाही जुळली तर सोडायची. मनचं काढायचं नाही."

"आणि रेघ घडीवरूनच गेलेली असली तर? आडवी नाही, घडीच्याच बरोबरीने?"

गिरमिट थांबले. पेन्सिलीची सालपटे त्यांनी तळव्यावर गोळा केली, न सांडता वाटीत टाकली.

"कुठलं काम चालू आहे तुझं सध्या?"

"इस्पितळातल्या लोकांचे प्लॉट आहेत. जुन्या रस्त्यालगत."

"हं." ते कपाकडे पाहत राहिले. "उताराची जमीन आहे ती. मी कधी गेलो नाही तिकडे. आमचं काम टेबलावरचं. जमीन बघायची पाळी कधी आली नाही."

"असंच विचारलं मी."

"अगं, विचारावंच. विचारायला काय लागतं?" आणि मग, कप अर्धा झाल्यावर, "हरकतीची मुदत किती वाजेपर्यंत असते हल्ली? पूर्वी साडेपाच असायची."

"पाच. उद्या शेवटचा दिवस."

"अर्धा तास खाल्ला म्हणा की," अण्णा म्हणाले, आणि उठून त्यांनी कप स्वतः विसळला.

*

"लव्हाळा?" दुसऱ्या दिवशी कार्यालयात साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "मॅडम, समितीत मी काय टेबलावर ठेवू? लव्हाळ्याची जुडी?"

"मोरी आहे, सर. गाळ आहे. तिथून ओढा जात असणार."

"असणार. आणि नकाशात?"

"नाही."

"मूळ शीट पाहिलीत?"

टेबलावरच्या पंख्याने फाइलीचे वरचे पान उचलले. तिने ते हाताने दाबून धरले.

"पाहिली. घडी पडली आहे. तिथलं स्पष्ट दिसत नाही."

शब्द न् शब्द खरा होता. साहेब मागे रेलले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या पहिल्या नोकरीत पट्टी धरायला त्यांना अण्णांनीच शिकवले होते.

"हे बघा, अण्णांना दिसलं असतं तर त्यांनी काढलं असतं. कोर्टातसुद्धा त्यांच्या शीटवर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही. आणि एका शीटवर ठेवलं ना, तर उद्या बत्तीसच्या बत्तीस उकराव्या लागतील. या वयात त्यांना चौकशीला बोलवायचं का? तुम्हीच सांगा." मग ते जरा मऊ झाले. "ती माणसंही अकरा वर्षं थांबली आहेत. ठोस काही असेल तर लेखी द्या, मी थांबवतो. नसेल, तर शेरा लिहून टाका."

ती जागेवर आली. ठोस जे होते ते तिच्या खणात, छायाप्रतीच्या रूपाने पडले होते. ते फाइलला लावले, तर सतराव्या खुंटीवरचे घर थांबणार होते आणि अण्णांची सही चौकशीत जाणार होती. नाही लावले, तर त्या घराची भिंत एखाद्या वर्षी ओढा आपली वाट मागायला आल्यावर खचणार होती. ते वर्ष पुढचे असेल, किंवा विसावे.

दुपारभर तिने दुसऱ्या फाइली हातावेगळ्या केल्या. सव्वाचार वाजता टिपणीचा कागद पुढे ओढला. 'उपलब्ध नकाशानुसार जागेतून ओढा जात असल्याचे आढळत नाही,' असे तिने लिहिले. अक्षर चांगले आले होते. खालच्या रकान्यात, 'प्राप्त हरकती' या शब्दांपुढे, तिने 'निरंक' लिहिले. हरकती कधी येतच नसत. मुदत संपायची वाट कुणी पाहत नसे. सही करायला पेन टेकवले आणि तसेच धरून ठेवले. कागदावर शाईचा एक ठिपका हळूहळू मोठा होत गेला.

"मॅडम, निरंक लिहू नका हं." आवक टेबलावरच्या बाई दारात उभ्या होत्या. "एक आली आहे. आत्ताच शिक्का मारला. चार बेचाळीस."

त्यांनी लिफाफा पुढे ठेवला, आणि एरवी ज्या दोन बातम्या सांगितल्याशिवाय हलत नसत, त्या मुकाट्याने परत गेल्या.

नाव वाचायची गरज पडली नाही. 'साखर' आणि 'मीठ' लिहिणारे तेच अक्षर होते, फक्त प्रत्येक उभी रेघ किंचित कापलेली.

'अर्जदाराचा जागेशी संबंध' या छापील ओळीपुढे लिहिले होते: 'जागेशी नाही. नकाशाशी आहे.'

खाली मजकूर आठ ओळींचा होता. 'सदर शीट मी उतरवली. मूळ शीटवरील घडीलगतच्या निळ्या खुणा मी डाग समजून वगळल्या. आज सकाळी अभिलेख कक्षात मूळ शीट पुन्हा पाहिली. नोंदवहीत माझी सही आहे. त्या खुणा डाग नाहीत. चूक माझी आहे. उतरवणाऱ्याने शंका आल्यास जागेवर जाऊन पाहावे, असा नियम तेव्हा नव्हता. पण मनाईही नव्हती. उरलेल्या एकतीस शीटच्या घड्या तपासाव्यात, ही विनंती. सोबत जोडनकाशा.'

जोडनकाशा पारदर्शक कागदावर होता. खुणा दिसल्या तिथे अखंड निळी रेघ. दिसत नाहीत तिथे तुटक. आरेखकाची जुनी शिस्त. कापऱ्या हातामुळे रेघ सरळ चाललीच नव्हती. आयुष्यभर केसासारखी ताणलेली रेघ काढणाऱ्या माणसाची ही रेघ हलत होती, थबकत होती, पुन्हा पुढे जात होती. ओढ्यासारखी.

ती उठून जिन्याच्या कठड्यापाशी आली. खाली बाकावर अण्णा बसले होते. शेजारी गणवेशातली सिस्टर. निकाल विचारायला आली असावी. दोघांची ओळख असण्याचे कारण नव्हते. अण्णांच्या मांडीवर त्या जागेचा आराखडा होता.

"हे बघा, ही मोकळी जागा तुम्हाला सोडावीच लागते," अण्णा सांगत होते. "ती या कोपऱ्यात कशाला ठेवलीय? ती आणायची ओढ्याकाठी. प्लॉट इकडे सरकवायचे. बसतात. थोडे लहान होतील."

"म्हणजे पुन्हा परत जाणार आमचं?" सिस्टरचा आवाज चिरकला. "कुणी घेतली हो ही हरकत? अकरा वर्षांत कुणी नाही, आणि शेवटच्या दिवशी कुणाला सुचलं हे?"

अण्णांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली.

"मी घेतली."

सिस्टर त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिने डोळे पुसले, पर्स बाजूला ठेवली आणि आराखडा आपल्याकडे ओढला.

"सतरा कुठे बसतोय, दाखवा."

सहायिका खाली गेली नाही. परत येऊन तिने लिहिलेला कागद फाडला आणि नवा घेतला. खणातली छायाप्रत काढली, तिच्यावर जोडनकाशा ठेवला, कोपरे जुळवले आणि पट्टी लावून एकेक खूण तपासत गेली. पहिली जुळली. दुसरी, तिसरी जुळली. चौथ्या वळणावर तिने पट्टी पुन्हा लावली. मग भिंग लावून पाहिले.

अर्ध्या मिलिमीटरचा फरक होता.

तिने पेन उचलले आणि शेऱ्यात तो नोंदवला.