लाडकीचे गाऱ्हाणे आणि मी

मित्रांनो, मी एक जुना भाष्यग्रंथ आहे. बायबलमधल्या स्तोत्रांचा अर्थ उलगडून सांगणे हे माझे काम. निळी कापडी बांधणी आणि सहाशे पाने अशा थाटात मी १९७४ साली पालघरला ख्रिस्ती मंडळीचे पाळक भगवंतराव यांच्या घरी आलो.

दर रविवारी ते मला पिशवीत घालून बोईसरला नेत. तिथे एका पत्र्याच्या शेडमध्ये उपासना भरे. कारखान्यातले कामगार येत, डोंगरपाड्यांवरून चार-पाच कुटुंबे चालत येत. माझ्या आधारे केलेला उपदेश ऐकून लोक म्हणत, "पाळकसाहेब फार खोल बोलतात." मला मनातून फार बरे वाटे.

चार वर्षांनी पाड्यावरच्या लाडकीची सहा वर्षांची मुलगी तापाने गेली. पुढच्या रविवारी लाडकी उपासनेतच रडू लागली. तेव्हा मंडळीतले एक पंच, नामदेवराव, उभे राहून म्हणाले, "रडू नको बाई. विश्वास असता तर पोर वाचलं असतं."

भगवंतरावांनी त्यांना अडवले नाही. लाडकी उठून गेली आणि पुढे दोन रविवार आलीच नाही.

भगवंतरावांना जेवण गोड लागेना. एका दुपारी त्यांनी मला उघडले. माझ्यात एका शोकस्तोत्राविषयी लिहिले होते, की देवापुढे केलेले गाऱ्हाणे हीसुद्धा प्रार्थनाच असते. हे पान त्यांनी पूर्वी दोनदा उपदेशात वाचून दाखवले होते. आज मात्र ते तिथेच अडले. मग मला काखेत धरून ते पाड्याकडे निघाले.

लाडकी अंगणात भात पाखडत होती. तिने मान वर केली नाही.

"पाळकबाबा, माजा इस्वास कमी पडला काय?"

"नाही बाई. कमी मी पडलो. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

ते जमिनीवर बसले आणि ते पान त्यांनी सावकाश वाचले. लाडकीचा हात सुपावर थांबला.

"मंग मी देवावर रागावली तं चालंल?"

"चालेल. पण ते त्यालाच सांग."

रविवारी ती आली. प्रार्थनेच्या वेळी उभी राहून मोठ्याने म्हणाली, "देवा, माजी पोर तू का नेलीस? मना नाय पटलं." नामदेवराव तिला थांबवायला उठले.

"बसा, नामदेवराव," भगवंतराव म्हणाले. "ती प्रार्थना करते आहे."

नामदेवराव बसले. थोड्या वेळाने त्यांनीही मान खाली घातली. एवढी वर्षे पोटात बाळगलेल्या शब्दांचे वजन मला त्या दिवशी कळले.

पुढे भगवंतराव वारले. नवे पाळक आले, गाण्यांच्या कॅसेटी आल्या. मी शेडमधल्या कपाटात पडून राहिलो. पावसाळ्यांत ओल लागली, मग वाळवी. माझी शंभरेक पाने तिने खाल्ली. त्याहून जास्त लागले ते हे, की इतक्या वर्षांत कपाटाचे दार कोणी उघडले नाही.

१९९६ मध्ये मंदा नावाच्या नर्सबाईने ते उघडले. तिने मला उन्हात ठेवले, पाने झटकली, खळ लावून चिकटवली. आता दर बुधवारी ती मला बायकांच्या बैठकीत वाचते. परवा वाचता वाचता ती थांबली. "'रडून रडून स्तोत्रकार थकला, तेव्हा...' पुढचं वाळवीनं खाल्लंय गं."

म्हाताऱ्या साखरबाई म्हणाल्या, "तवा त्याला कोनीतरी पानी दिलं आसंल."

मंदा हसली नाही. तिने पेन्सिल काढली आणि त्या भोकाशेजारी साखरबाईंचे वाक्य लिहून ठेवले.

मित्रांनो, आम्हा पुस्तकांना ओल आणि वाळवीपासून जपा. पण नुसते जपून ठेवू नका. आम्हाला घेऊन कोणाच्या तरी अंगणात जा, आणि शेजारी बसून वाचा.