काचेमागचे थान देपिंग

थान देपिंग संग्रहालयात गेले ते थंड हवा खायला. हनान प्रांतातल्या त्या तालुक्याच्या गावात जुलै महिन्यात फुकटचा गारवा मिळण्याची तेवढी एकच जागा होती. बायको युनश्या पुढे, हे कमरेवर हात ठेवून मागे.

तिसऱ्या दालनात युनश्या थबकली. "अहो, इकडे या. तुम्ही सापडलात."

काचेमागे वीतभर उंचीचा मातीचा माणूस उभा होता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात मिळालेला. सुपासारखे कान, लोंबता ओठ, सुटलेलं पोट. थेट देपिंगच. दोन्ही मुठी छातीपुढे. खाली पाटी, 'डुकरं राखणारा गडी'.

देपिंगनी टोपी कानांवर ओढली, पण तेवढ्यात रोज संध्याकाळी चौकात नाचणाऱ्या बायकांचा ताफा लाल शर्ट घालून आत शिरला. त्यातल्या एकीने काचेकडे पाहिलं, मग देपिंगकडे. "दादा, फोटो घेते. जरा पोट पुढे काढा ना."

"पुढेच आहे ते," युनश्या म्हणाली.

एकामागून एक सोळा फोटो निघाले. फोटोंचं देपिंगना काही वाटलं नाही. झोंबली ती डुकरं. चाळीस वर्षं त्यांनी नूडल्सचं दुकान चालवलं होतं. ते तडक संग्रहालयात पाट्या लिहिणाऱ्या न्येबाईंना बोलावून घेऊन आले.

"डुक्कर हाकताना अशा मुठी कोण धरतं? हा नूडल्ससाठी कणीक ताणतोय." बाह्या सरसावून त्यांनी हवेतच कणीक ताणली, दुमडली, आपटली. नाचणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

न्येबाईंनी सगळं वहीत टिपून घेतलं. "पण काका, त्याच्या हातातल्या नूडल्स कुठे गेल्या?"

"दोन हजार वर्षं झाली," युनश्या म्हणाली. "खाल्ल्या असतील कुणीतरी."

सप्टेंबरात न्येबाईंचा फोन आला, पाटी बदलली म्हणून. दोघं इस्त्रीचे कपडे घालून गेले. नव्या पाटीवर लिहिलं होतं, 'पुरुष. काय काम करतो ते सांगता येत नाही.'

"दुकान बंद केल्यापासून मी हेच म्हणतेय," युनश्या म्हणाली.

देपिंगनी पाटी दोनदा वाचली. नूडल्स नव्हत्या, पण डुकरंही गेली होती. त्यांना ते चालण्यासारखं वाटलं. पहारेकऱ्याच्या हाती फोन देऊन त्यांनी युनश्यालाही काचेपुढे ओढलं.

"मला कशाला? मी काय थडग्यातून निघालेय?" असं म्हणत तिने केस सारखे केले आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली.