ताईचा अंगठा

धाकटीनं सारा जन्म लाँड्रीत सोडा आणि तापल्या इस्त्रीशी झटण्यात काढला. बोटं घासून गोट्यासारखी गुळगुळीत झाली. ओळखपत्राच्या नोंदणीला यंत्राला तिच्या बोटांवर एकही रेघ सापडेना. मागे रांग कुरकुरत होती. नोंदणीवाला मान खाली घालून कळा बडवत होता. तेवढ्यात ताईनं पदराआडून स्वतःचा अंगठा पुढे सरकवला आणि यंत्रानं तो मुकाट्यानं घेतला.

"मला मेलीला कुठली पेन्शन? हा अंगठा तुला आंदण दिला," ताई हसत म्हणाली. स्वतःची नोंद तिनं केलीच नाही.

बँकेतला पूर्वीचा म्हातारा कॅशियर धाकटीला नुसत्या खोकल्यावरून ओळखायचा. तो गेला, यंत्र आलं. मग दर महिन्याला दोघी शेजारी शेजारी बसत. अंगठा ताई टेकवी, पैसे धाकटी घेई. गेल्या महिन्यात ताईही गेली.

आज धाकटी एकटीच आली होती. पेन्शन नाही तर खोली नाही, असं घरमालकानं तोंडावर सांगितलं होतं. तिनं अंगठा टेकवला. लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा टेकवला. लाल दिवा.

"राहू द्या, आजी. चेहरा नोंदवू, म्हणजे कटकट मिटली," नवा कारकून म्हणाला. त्यानं कॅमेरा तिच्याकडे वळवला आणि कपाळाला आठी घातली. "दोन चेहरे येतायत. शेजारच्या आजींना जरा सरकायला सांगा."

धाकटीनं वळून पाहिलं. शेजारची खुर्ची रिकामी होती. तरी भाड्यापायी ती पुटपुटली, "ताई, जरा सरक ना गं."

"हां, आता एकच आला." हिरवा दिवा लागला.

पडद्यावर ताई होती. शांत, नीट पदर घेतलेली.

कारकुनानं नोटा रिकाम्या खुर्चीपुढे ठेवल्या. धाकटीनं हात पुढे केला, तसा तो खेकसला, "अहो बाई, त्या आजींच्या आहेत. तुम्ही रांगेत थांबा."

"अरे, मीच ती."

"सगळ्या असंच म्हणतात."

धाकटी खुर्चीकडे झुकली. "ताई, उचल बाई. घरी जाऊ."

खुर्ची करकरत मागे सरली. टेबलावर नोटा नव्हत्या. "सावकाश जा हं, आजी," कारकून दाराकडे बघत मायेनं म्हणाला.

लहानपणी चालायची तशीच, धाकटी दोन पावलं मागून निघाली.